खोली भाड्याने देताना
फंडाच्या पैशातून जादा खोली घेतलेली आपली पुष्कळ मंडळी आहेत. भाडेकरू गावाकडचा, ओळखीचा. म्हणून सारे तोंडीच ठरते. आम्ही म्हणतो, सख्खा पाहुणा असला तरी लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करा आणि नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय लेखी नोंदलेला करार नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरतात; ते खोडून काढणे मालकाच्या गळ्यात. एजंट ‘नोटरी पुरे’ म्हणतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे! मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर कलम २४ खाली ताबा आणि दुप्पट भाडे मागता येते. अनामत किती घेतली तेही करारात लिहा, आणि भाड्याची पावती दरमहा द्या.