खुर्चीचं माप

शिवणाच्या खोलीत सगळ्यात शेवटी येते ती खुर्ची. मशीन घेताना चार दुकानं पालथी घातली जातात, पायमशीन की मोटरचं यावर घरात दोन-तीन रविवार खल होतो, कात्रीला तर घरातल्या कुणाला हात लावू देत नाहीत. खुर्ची मात्र कुणी विकत घेत नाही. ती कुठून तरी 'येते'. डायनिंग टेबलच्या सहांपैकी एक डुगडुगणारी, पोराच्या दहावीच्या अभ्यासाची, नाहीतर गच्चीवरच्या कार्यक्रमाला आणलेली प्लॅस्टिकची. आणि मग बाई त्याच खुर्चीवर रोज सहा-सात तास, अशी वीस वर्षं काढते.

माझं मत एवढंच आहे की खुर्ची ही मशीनचाच एक भाग समजून घ्यावी, आणि घेताना बसणारीचं माप घ्यावं. ब्लाउजचं घेतात तसं, टेप लावून.

आता कोड लिहिणाऱ्या माणसानं शिवणकामावर का बोलावं? तर मंडळी, सध्या आमच्या घरातला हा ज्वलंत प्रश्न आहे. माझी आत्या नगरला सावेडीत राहते. (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर, पण घरच्या बोलण्यात अजून नगरच चालू आहे.) ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश... तिचं काम बारमाही. इतकी वर्षं मशीन व्हरांड्यात होतं. आतेभाऊ नोकरीला बाहेरगावी गेला, त्याची खोली रिकामी झाली आणि आत्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची शिवणाची खोली मिळाली. मग फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस नुसता कल्ला. कपाट कुठं, आरसा केवढा, कटिंगचं टेबल असावं की नसावं. खुर्चीचा विषय निघाल्यावर आतोबांनी एका ओळीत निकाल लावला, "आहे की स्टूल!"

स्टूल आहेच. त्याचबरोबर आत्याची कंबरही आहे. गेली दोन वर्षं लग्नसराईत ती पट्टा बांधून बसते. डॉक्टर म्हणाले, शिवण कमी करा. सांगायला सोपं आहे हो. पण भिशी, पोस्टातली आरडी, भाचरांच्या हातावर ठेवायचे पैसे हे सगळं त्या मशीनमधून येतं. तेवढेच पैसे असे आहेत की ज्यांचा हिशोब तिला कुणाला द्यावा लागत नाही. तेव्हा 'कमी करा'च्या आधी 'नीट बसा' हा उपाय करून बघायला नको का?

यावर आतेभावाची सूचना आली, ऑफिसात असते तशी चाकांची, हातांची, उंच पाठीची खुर्ची मागवून टाकू. हेतू चांगला, पण ती खुर्ची आपल्या कामासाठी बनलेली आहे. आपण स्क्रीनकडे समोर बघतो आणि मागे रेलतो. शिवणाऱ्या बाईची नजर खाली सुईवर, दोन्ही हात पुढे कापडावर आणि पाय कामात. ती मागे रेलतच नाही. त्यामुळे उंच पाठ असून नसून सारखीच. खुर्चीचे हात मशीनच्या टेबलाला आपटतात, म्हणून खुर्ची पुढे सरकत नाही, म्हणून बाई आणखी वाकते. आणि चाकांचं तर विचारूच नका. पायमशीनचं पायडल दाबलं की तेवढ्याच जोरानं खुर्ची मागे जाणार. न्यूटनचा तिसरा नियम, अकरावीला शिकलोय सगळे :)

मग कशी हवी? सुरुवात कोपरापासून करायची. बाईनं बसून खांदे सैल सोडले, हात कोपरात वाकवले की कोपर साधारण मशीनच्या टेबलाच्या उंचीला यायला हवं. टेबल वर आणि बसणं खाली असलं की खांदे सारखे उचललेले राहतात आणि संध्याकाळी मान धरते. टेबलाची उंची बदलणं अवघड, म्हणून बसण्याची उंची बदलायची.

पण बसणं वर केलं की पाय लोंबकळतात. आत्यासारख्या कमी उंचीच्या बायकांची खरी अडचण इथे आहे. पायमशीनला पायडल जमिनीपासून थोडं वर असतं, म्हणून निभावतं. मोटरवाल्या मशीनचं छोटं पायडल जमिनीवर असतं. त्याच्याखाली जेवायचा रुंद पाट ठेवायचा, पाटाखाली रबराची मॅट म्हणजे तो सरकत नाही. दोन्ही पाय पाटावर मावले पाहिजेत. मोटर बसवल्यावर बाईचा एकच पाय तासन् तास पायडलवर तिरका असतो आणि दुसरा कुठे तरी अधांतरी, सगळा भार एका बाजूला. मोटरनं पायांचे श्रम वाचवले, पण पायडल मारताना शरीराची जी हालचाल व्हायची तीही गेली.

बाकीचं सोपं आहे. बैठक इतकी खोल नको की गुडघ्यामागे कड टोचेल. पाठ टेकल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं राहावीत. पुढची कड गोल. पाठ छोटीच, पण कंबरेच्या खळग्यात बसणारी. टाका घालताना तिचा उपयोग नाही, पण दोरा ओवताना, बॉबिन भरताना बाई क्षणभर मागे टेकते तेव्हा आहे. गादी घट्ट, वर सुती कापड. नगरच्या एप्रिल-मेमध्ये रेक्झिनवर तासभर बसून दाखवा म्हणजे कळेल. बैठक गोल फिरणारी असली तर उत्तम, इस्त्रीकडे वळताना कंबर पिळावी लागत नाही.

आणि एक गोष्ट खुर्चीच्या दुकानात मिळत नाही... उजेड. बाई पुढे वाकते त्याचं एक मोठं कारण म्हणजे तिला सुई नीट दिसत नाही. काळ्या कापडावर काळा दोरा, ट्यूब पाठीमागे, स्वतःचीच सावली हातावर. अशा वेळी सिंहासन आणून दिलंत तरी ती वाकणारच. दिवा सुईवर पाहिजे, आणि चाळिशी उलटली असेल तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

यावर एक हमखास येणारा युक्तिवाद म्हणजे, "आपल्या आज्या जमिनीवर बसून हातमशीन चालवायच्या, त्यांना कुठं काय झालं?" एक तर त्यांना काय झालं हे कुणी विचारलं नव्हतं. दुसरं म्हणजे जमिनीवर बसलेलं माणूस सारखं हलतं. मांडी बदलतं, एक गुडघा वर घेतं, पाय पसरतं. टेबलाच्या मशीननं ती मुभा काढून घेतली. म्हणून तर म्हणतो, खुर्ची चांगली असली तरी अर्ध्या-पाऊण तासानं उठायलाच हवं. कटिंगचं टेबल उभ्यानं काम करता येईल इतकं उंच केलं आणि इस्त्री हाताच्या अंतरावर न ठेवता चार पावलं लांब ठेवली, की उठणं आपोआप होतं.

खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो. हर्मन मिलर कंपनीची एरॉन ही खुर्ची १९९४ मध्ये आली. डॉट-कॉमच्या दिवसांत ती आयटी कंपन्यांची शान होऊन बसली. ती तीन मापांत निघाली, कारण माणसं एका मापाची नसतात. आपल्याकडेही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीयांच्या शरीरमापांचं पुस्तक काढलं, ते अशाच वस्तू आपल्या अंगाला बेतता याव्यात म्हणून. म्हणजे ज्ञानाची कमतरता नाही. दिवसभर मशीनपुढे मीही बसतो आणि आत्याही. माझी खुर्ची कंपनीच्या खर्चात 'साधन' म्हणून धरली जाते. आत्याची घरात 'फर्निचर' म्हणून, आणि फर्निचर म्हटलं की उरलंसुरलं चालतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. पण अवजार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मशीन, कात्री, इस्त्री येते. खुर्ची कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. शिवणाऱ्या बाईच्याही नाही. गावभरच्या बायकांची मापं पाव इंचाच्या फरकानं घेणाऱ्या आत्याचं माप आजवर कुणी घेतलेलं नाही!

पैशांवरून आत्याची हरकत होतीच. "अरे बाळा, नुसतं बसायला एवढे पैसे?" मी तिच्याच भाषेत हिशोब मांडला. अस्तराच्या दहा-बारा ब्लाउजची शिलाई. कंबर धरल्यामुळे गेल्या लग्नसराईत परत पाठवलेले ब्लाउज याहून जास्त होते. यावर ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

शेवटी ब्रँडची खुर्ची बाजूलाच राहिली. नागापूरच्या एमआयडीसीकडे जाताना मनमाड रोडला लागणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्याला काम दिलंय. लॅबमध्ये असतं तसं आट्यांचं, फिरवून खालीवर होणारं बसणं, काम करताना आपोआप फिरू नये म्हणून खाली लॉकनट, चार पक्के पाय, कंबरेला छोटी वाकवलेली पाठ. माप आतोबांनी स्वतः टेप लावून घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. "आहे की स्टूल" म्हणणारा माणूस आता बैठकीला फोम किती जाडीचा हवा यावर रोज दोन मेसेज टाकतोय.

तुमच्याही घरी कुणी शिवत असेल तर या शनिवार-रविवारी एक करा. तिच्या स्टुलावर अर्धा तास बसा, मोबाइल न घेता, सुईकडे बघत. त्यानंतर टेप शोधायला मी सांगायची गरज पडणार नाही.