गाडी भरून येते, रिकामी जाते

मागच्या बैठकीत ट्रकवाल्यांवर बरीच आगपाखड झाली. आंब्याच्या पेटीचे भाडे वाढले, खताच्या गोणीवर हमाली वाढली, दुकानातले तेल-साखर घाटावरच्यापेक्षा महाग. आणि या सगळ्याचे खापर गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर. निषेधाचा ठराव लिहायला घेतला तेव्हा मी हात आडवा घातला. तो का घातला हे सांगायला तेव्हा वेळ पुरला नाही, म्हणून येथे लिहितो.

आमच्या खालच्या वाडीतला एक मुलगा भिवंडीच्या गोदामांतून किराणा माल आणतो. साबण, बिस्किटे, तेलाचे डबे, मोठ्या दुकानांची खोकी. चिपळुणात थोडा माल उतरवायचा, बाकीचा रत्नागिरीत. बापाची अकरा गुंठे भातजमीन आणि भावकीत वाटली गेलेली चार कलमे. काही वर्षांपूर्वी मीच त्याच्या बापाला हिशेब मांडून दाखवला होता की घरच्या माणसांची मजुरी धरली तर या भातात तोटाच आहे. दापोलीला शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर पोराने नांगर सोडला आणि स्टिअरिंग धरले. तेव्हा त्याच्या नव्या धंद्याचा हिशेब मांडणेही माझ्याच अंगावर येते.

गेल्या पावसाळ्यात त्याच्याबरोबर एक खेप केली. सकाळी दहाला गाडी गोदामाच्या फाटकाशी लागली. नंबर लागून माल भरेपर्यंत संध्याकाळचे सात. रात्रभर पेण, माणगाव, महाड करीत, कशेडी ओलांडून पहाटे पाचला चिपळूण. व्यापाऱ्याचे दुकान उघडले दहाला, हमाल आले अकराला. दुपारी तीनला हातखंब्यावरून रत्नागिरीत शिरलो, तर तिथला व्यापारी म्हणाला, आज गोदामात जागा नाही, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी अकराला गाडी मोकळी झाली. एकूण तास झाले एकोणपन्नास. त्यांत चाक फिरले ते जेमतेम तेरा तास. उरलेले छत्तीस तास खोटी! झोप कॅबिनमध्ये, आंघोळ पंपावरच्या नळाखाली. आणि खेपेचे पैसे आधीच ठरलेले. दोन दिवस लागोत की चार, ड्रायव्हरच्या हातात तेवढेच पडणार.

वर वाराई आहेच. माल व्यापाऱ्याचा, उतरवणार हमाल, आणि पैसे ड्रायव्हरच्या भत्त्यातून, पावती नाही. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ अशी मागणी राज्यातले वाहतूकदार करत आले आहेत, ती सोळा आणे खरी आहे. हमालाशी आपले भांडण नाही. त्याच्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा तरी झाला.

ड्रायव्हरसाठी कायदा नव्हता असे नाही. तो तर त्याहून जुना. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला तो लागू होता. पुढे १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तेच तास सरसकट मालवाहू गाडीच्या चालकाला लावले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुना कायदा नव्या कामगार संहितेत विरघळला. माझ्या मुलाला विचारले, तुझे तास कधी कुणी मोजले का? तो हसला. (माझा मुलगा म्हणतो खरा, पण त्याच्या धंद्याला कारण मी, म्हणून म्हणतो.) १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकांना वातानुकूलित कॅबिन सक्तीची झाली, ते बरे झाले. पण त्याची गाडी जुनी आहे.

जानेवारी २०२४ मध्ये याच लोकांनी दोन दिवस गाड्या उभ्या केल्या. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असे नव्या न्याय संहितेचे कलम होते. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या तेव्हा शहराला ड्रायव्हर नावाचा प्राणी आठवला, आणि सरकारने ते कलम बाजूला ठेवले. आपल्याला हिणवणारेही असेच म्हणतात ना, दूध अडले की शेतकरी आठवतो?

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही, वाचणाऱ्यांनी तो भोगला आहे. चौपदरीकरणाचा पनवेल-इंदापूर टप्पा २०११ साली सुरू झाला. त्यानंतर जन्मलेली पोरे हायस्कुलात गेली. त्यातून गणपतीत जड वाहनांना महामार्गावर बंदी. दूध, भाजी, इंधन सुटते; किराणा अडतो. चाकरमान्यांचा प्रवास सुखाचा व्हायलाच हवा, पण खेपेवर पोट असलेल्याचा ऐन सणात रोजगार बुडतो, त्याची भरपाई कोणत्या खात्यातून? कोकण रेल्वेने १९९९ पासून ट्रक रेल्वेवर चढवले, कोलाड ते वेर्णा. ज्याला रत्नागिरीतच माल उतरवायचा आहे त्याने त्याचे काय करायचे?

आता मूळ मुद्दा, भाड्याचा. रत्नागिरीत गाडी भरून येते आणि रिकामी जाते. मार्चअखेर ते मे आंब्याच्या पेट्या वाशीला जातात, तेवढाच परतीचा माल. मासळीच्या गाड्या वेगळ्या. उरलेले नऊ-दहा महिने परतीचे डिझेल जळते ते हुंडेकरी येतानाच्या भाड्यात धरतो, व्यापारी ते साबणाच्या वडीवर चढवतो. म्हणजे दोन्ही फेऱ्या भरतो आपण. यात ड्रायव्हरने काय खाल्ले?

आणि गाडी रिकामी का जाते? कारण आपल्याकडे भरायला काही नाही. भाजी कोल्हापूर-बेळगावहून आंबा घाट उतरून येते, आणि भात कापल्यावर आपली खाचरे ओस. त्याच ओलीवर वाल, पावटा, कुळीथ होतो. पाण्याची सोय असेल तिथे कलिंगड होते. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला, तेव्हा वाशीच्या आडत्याकडेच गेले पाहिजे असेही उरले नाही. एकट्याच्या पाच गोण्यांसाठी गाडी थांबत नाही, हे खरे. दहा गावांच्या मिळून थांबेल. परतीचे भाडे नेहमीच कमी असते, हे कोणत्याही हुंडेकऱ्याला विचारा.

म्हणून निषेधाचा ठराव मला मान्य नाही. ठराव करायचाच तर असा करा: माल उतरवायला चार तासांपेक्षा जास्त लागले तर खोटीचे पैसे माल मागवणाऱ्याने द्यावेत आणि ते ड्रायव्हरच्या हातात पडावेत, वाराईची पावती मिळावी, हातखंब्याला गाड्या लावायला जागा, संडास आणि आंघोळीची सोय व्हावी. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी कोणत्या गावातून किती माल निघू शकेल, याची यादी प्रत्येक तालुक्याने आणावी.

मसुदा पुढच्या बैठकीत मांडतो. तो मुलगाही येईन म्हणाला आहे, गाडी वेळेत मोकळी झाली तर.