आधी विचारा, मग पटवा

मागच्या श्रावणात नवी मुंबईतल्या एका आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. माणूस निवृत्त झाला आणि त्याचे केस पुरेसे पांढरे झाले, की त्याला वक्तृत्वातले कळते असा आपल्याकडे समज आहे; तो खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यापाशी नव्हता. विषय होता ‘माझे शहर’. खुर्चीत बसलो तोच संयोजकांनी हाती गुणपत्रक दिले. त्यावर तीन रकाने होते : वक्त्याची छाप, भावनेला आवाहन आणि मुद्द्यांची मांडणी. संयोजक तरुण होते, उत्साही होते. ते म्हणाले, “सर, ही ॲरिस्टॉटलची त्रिसूत्री. ईथॉस, पॅथॉस, लोगॉस. हल्ली सगळीकडे हेच शिकवतात. ही तीन हत्यारे ज्याच्या हाती, त्याच्या मुठीत सभा!”

‘हत्यारे’ हा शब्द मला तेव्हाच खटकावयास हवा होता. खटकला नाही. मी चहा घेतला आणि गुण देऊ लागलो.

एका मुलाने आकड्यांचा पाऊस पाडला. दुसऱ्याने नेमक्या जागी आवाज कापरा केला आणि रुमाल काढला, टाळ्या पडल्या. मग एक मुलगी उठली. गावठाणातली, आगरी घरातली. तिने हात उडवले नाहीत की डोळे पुसले नाहीत. आपली आजी ज्या शेतात भात लावत असे त्या शेतावर आज आपली शाळा उभी आहे, एवढेच तिने सांगितले. शाळेविषयी तिची तक्रार नव्हती. शाळा तिला आवडते, असेही ती म्हणाली. शेवटी आजीचे एक वाक्य तिने आजीच्याच बोलीत सांगितले : “आमाना कोनी इचारलाच नाय.” आणि ती खाली बसली.

मी तिला पहिल्या रकान्यात कमी गुण दिले, कारण भाषा ‘शुद्ध’ नव्हती. दुसऱ्यात कमी दिले, कारण आवाज चढला नाही. तिसऱ्यात कमी दिले, कारण आकडा एकही नव्हता. ती सातवी आली. रात्री घरी परतल्यावर पहिल्या आलेल्या मुलाचे एकही वाक्य मला आठवेना, आणि त्या न पाहिलेल्या म्हातारीचे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या अन्यायाचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम त्या ग्रीक पंडिताविषयी. पटवून देण्याची तीन साधने त्याने सांगितली हे खरे : बोलणाऱ्याचे शील, ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था आणि खुद्द युक्तिवाद. पण त्याने ती फेरीवाल्याच्या टोपलीतल्या मालासारखी मांडलेली नाहीत. वक्त्यावर विश्वास का बसतो, तर त्याच्या अंगी शहाणपण, सदाचार आणि श्रोत्याविषयी सद्भाव दिसतो म्हणून, असे तो म्हणतो. सद्भाव! आमच्या गुणपत्रकातून नेमका हाच शब्द गळाला आणि तेथे ‘छाप’ येऊन बसली.

मात्र एका ठिकाणी माझे त्या थोर पुरुषाशीही पटत नाही. वक्त्यावरचा विश्वास त्याच्या भाषणातूनच निर्माण व्हावा, त्याच्याविषयीच्या पूर्वग्रहातून नव्हे, असे त्याचे म्हणणे. अथेन्सच्या सभेत ते शोभले असेल. पण विश्वास जर भाषणातूनच निर्माण व्हावयाचा असेल, तर तो भाषणापुरता बनवताही येतो. आणि आजचा सगळा धंदा त्याच फटीतून आत शिरला आहे. आपल्या न्यायशास्त्राने ‘आप्ता’चे वचन प्रमाण मानले. आप्त कोण? ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे वात्स्यायनाने आपल्या भाष्यात स्पष्ट सांगून ठेवले आहे. म्हणजे व्यासपीठावरची ऐट हा आप्ताचा निकष नव्हे, आणि शुद्ध भाषा तर नव्हेच नव्हे. या कसोटीला लावले तर त्या दिवशी सभागृहात आप्त एकच होती, आणि तिला मी सातवा क्रमांक दिला.

आता या तीन साधनांचा खेळ जेथे खऱ्या माणसांवर खेळला गेला, तेथे वळतो. त्यासाठी मला घराबाहेर जावे लागत नाही. मी राहतो ते शहरच मुळी एका युक्तिवादातून जन्मलेले आहे. १९६५ साली मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक योजना मांडली. मुंबई हे चिंचोळे बेट. कचेऱ्या दक्षिण टोकाला, वस्ती उत्तरेकडे पसरत जाणारी. रोज सकाळी सारे शहर एका दिशेने धावते आणि संध्याकाळी उलट धावते. तेव्हा खाडीपलीकडे पूर्वेला जोडशहर वसवा. पैसा कोठून आणावयाचा? जमिनीतूनच. शेतजमीन आधी ताब्यात घ्या, रस्ते-पाणी द्या, मग ती विकसित जमीन विका, आणि आलेल्या पैशात शहर बांधा.

युक्तिवाद म्हणून मी याला आजही पैकीच्या पैकी गुण देईन. धनंजयराव गाडगीळांच्या समितीनेही खाडीपलीकडच्या भूभागाच्या विकासाची शिफारस केली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली ९५ गावे, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश, आराखड्यात आला. पण हा युक्तिवाद कोणासमोर मांडला गेला होता? इंग्रजी नियतकालिकाच्या वाचकांसमोर, मंत्र्यांसमोर, सचिवांसमोर. भात पिकवणारा, मिठागरात राबणारा, खाडीत जाळे टाकणारा माणूस त्या श्रोतृवर्गात नव्हताच. हिशेबात त्याची जमीन होती, तो नव्हता. त्याला पटवण्याची गरजही नव्हती, कारण हाताशी १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्यात हरकत ऐकून घेण्याची सोय होती हे खरे. परंतु हरकत ऐकणे निराळे आणि संमती मागणे निराळे. ज्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नाही त्याच्यापुढे केलेला युक्तिवाद म्हणजे फक्त वर्दी.

आणि सरकारचे शील? तेही पाहा. या नव्या नगरात राज्याची राजधानी हलवावी, म्हणजे तिच्यामागून कचेऱ्या आणि माणसे आपोआप येतील, अशी मूळ कल्पना होती. मंत्रालय काही हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून इमारती चढत राहिल्या. शेतकऱ्याने देशाच्या भल्यासाठी वाडवडिलांची जमीन सोडावी, आणि सरकारने आपली समुद्राकाठची खुर्चीही सोडू नये! अशा वक्त्याच्या तोंडी उपनिषदे जरी घातली, तरी त्यावर कोण विश्वास ठेवील?

ज्यांना कोणी विचारले नाही त्यांच्याकडे मग एकच साधन उरले : आपले दुःख घेऊन रस्त्यावर येणे. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण तालुक्यात जासई-दास्तान आणि नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. याच तालुक्यातल्या चिरनेरला १९३० साली जंगल सत्याग्रहात इंग्रज सरकारच्या गोळ्या चालल्या होत्या. त्या वेळी राज्य परके होते. या वेळी आपले होते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण त्यानंतर काही वर्षांनी आले.

येथे सुशिक्षित वाचकाचा आक्षेप मला ऐकू येतो. “प्रत्येकाला विचारत बसले असते तर हे शहर उभे राहिले असते काय? आणि लेखकमहाशय, आपण राहता कोठे?” मी नेरुळला राहतो, सिडकोने बांधलेल्या घरात, १९८६ पासून. गिरगावातल्या चाळीतल्या एका खोलीतून येथे आलो तेव्हा नळाला पाणी आणि खिडकीत आकाश पाहून माझ्या पत्नीचे डोळे भरून आले होते. या शहराचे मीठ मी खाल्ले आहे. शहर नको होते असे मी कधीही म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की साडेबारा टक्क्यांचा हिशेब गोळीबारानंतर बसत होता, तर तो १९७० साली कागदावर मांडावयास कोणाचा हात दुखत होता? गणित तेच होते. फक्त समोर उत्तर मागणारा माणूस उभा राहिला, तेव्हा ते सुचले.

आणि विचारले तर काय होते, तेही आपल्या रायगड जिल्ह्यानेच दाखवले आहे. खाजगी विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. शेतकरी रांगेत उभे राहिले आणि त्यांनी आपले मत चिठ्ठीवर नोंदवले. आकाश कोसळले नाही. त्या प्रकल्पासाठीचे भूसंपादन पुढे तडीस गेले नाही, एवढेच. २०१३ च्या नव्या कायद्याने तर खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक ठरवली. सरकार स्वतःसाठी जमीन घेईल तेव्हा मात्र ही अट नाही. म्हणजे सरकारवरचा आपला विश्वास कायद्यानेच गृहीत धरलेला आहे. तो कमावण्याची तसदी सरकारने घ्यावयास नको!

विश्वास कमावतात कसा, याचे उदाहरणही याच मातीत आहे. दि. बा. पाटील जासईचे, शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, पेशाने वकील. विधानसभेवर अनेकदा आणि लोकसभेवर दोनदा निवडून गेले. कायद्याचे कलम त्यांना ठाऊक होते, आणि त्या कलमाखाली जाणारे शेत कोणाचे हेही ठाऊक होते. कारण ते त्यांच्याच गावचे होते. २४ जून २०१३ रोजी ते गेले. त्यानंतर बरोबर आठ वर्षांनी, २४ जून २०२१ रोजी, विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून हजारो माणसे बेलापूरला सिडकोच्या कचेरीवर धडकली. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाला तसा ठराव करावा लागला. जो माणूस आता भाषण करू शकत नाही, तो आठ वर्षांनी माणसे हलवतो, याला आमच्या गुणपत्रकात कोणता रकाना आहे? ही छाप नव्हे. समोरच्याबरोबर आपलेही काही जाणार आहे, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. तेच शील.

मी भावनेचा शत्रू नाही आणि तर्काचा तर नाहीच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांच्या सभांना समुद्र उसळावा तशी माणसे लोटत. पण त्या उसळीखाली भाषावार प्रांतरचनेचा पक्का युक्तिवाद होता, आणि मराठी माणूस मतपेटीतून ‘नाही’ म्हणू शकत होता. तिन्ही साधने तेथे होती आणि तिन्ही स्वच्छ होती, कारण ऐकणारा मोकळा होता. ऐकणारा बांधलेला असेल तर तर्क हा हुकूम होतो, भावना हे मायाजाल होते आणि शील हा मुखवटा होतो. आपल्या मुलांना आपण पटवण्याची विद्या शिकवीत आहोत. विचारण्याची कोण शिकवणार? ती न शिकलेली मुले उद्या अधिकारी होतील, आमदार होतील, कंपन्यांच्या खुर्च्यांवर बसतील आणि सुंदर आवाजात कोणाच्या तरी आजीचे शेत घेतील.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावावयाचा आणि मग फराळाला बसावयाचे, अशी आपली रीत आहे. माझा हा लेख तेवढा थेंब समजा, आणि चकलीकडे वळा.

स्पर्धेचे बोलावणे यंदाही आले आहे. मी जाणार आहे. गुणपत्रकावरच्या तीन रकान्यांशेजारी पेन्सिलीने मी चौथा आखणार आहे : ‘ज्यांच्याविषयी बोललास, त्यांना विचारलेस काय?’ संयोजकांना तो मान्य होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण ती मुलगी यंदाही आली, तर तिला आधी जाऊन सांगावयाचे आहे, की गेल्या वर्षी चूक तिची नव्हती. आणि आजीला एकदा भेटावयास येऊ का, हे विचारावयाचे आहे.