तंबोऱ्याचा भोपळा आणि आपले परस

बडोद्यातील जुन्या मराठी घरांच्या परसांत आता फरशा बसू लागल्या आहेत. मोटारीला जागा हवी, हे मान्य. तरी एक कोपरा मातीचा राहू द्यावा आणि तेथे कडू भोपळा लावावा, अशी माझी विनंती आहे. खाण्यासाठी नव्हे, तंबोऱ्यासाठी!

वडील दरबारी गवई; मी त्यांचे उतारवयातले अपत्य. चार वर्षांपूर्वी घर बदलताना त्यांच्या तंबोऱ्याचा भोपळा माझ्या हातून फुटला. मिरजेस नेला, तर कारागीर म्हणाले, "एवढ्या घेराचा, जाड सालीचा भोपळा सहजी मिळत नाही. थांबावे लागेल." मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकन कागदावर मिळते; भोपळा शेतातच व्हावा लागतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे तो पिकवणाऱ्यांना उसाच्या मानाने हे पीक बेभरवशाचेच.

मग मीच बी लावले. पहिल्या वर्षी सात फळे धरली. एकही खुडवेना, सातही तांब्याएवढीच राहिली. पुढे एका जाणत्या माळ्याने शिकवले. खड्ड्यात भरपूर शेणखत घालून पावसाच्या तोंडावर बी टोचावे. मुख्य वेलाचा शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. मादी फुले बहुधा फांद्यांवरच येतात. फुले पांढरी, संध्याकाळी उमलणारी. शिकवणी आटोपली की विजेरी घेऊन नरफुलाचे पराग मादीफुलाला लावावे. एक फळ ठेवून बाकीची काढावी. खाली पेंढा घालून ते उभे बसवावे, नाहीतर एका अंगाने चपटे होते. देठ वाळेपर्यंत तोडू नये आणि नंतर काही महिने सावलीत सुकवावे. मात्र जवळपास दुधी असेल तर त्याचे बी पुढे धरू नये. संकराने दुधी कडू निपजतो आणि कडू दुधी विषारी असतो.

तिसऱ्या वर्षी अठ्ठेचाळीस इंच घेराचा भोपळा उतरला. मिरजेत त्याची साल पातळ ठरली. वडिलांचा तंबोरा अजून तसाच कोपऱ्यात उभा आहे.

पालक विचारतात, "मास्तर, मोबाईलमध्ये तंबोरा वाजतो, मग हा खटाटोप कशाला?" यंत्राचा सूर चोख असतो, मीही वर्गात ते वापरतो. पण यंत्र जुळवावे लागत नाही. तारा जुळवता जुळवता मुलाचा कान जो तयार होतो, तो मग कशाने व्हावा?

परसातल्या चार वेलांनी मिरजेची गरज भागणार नाही, हे मला कळते. परंतु ज्या घराने एक पावसाळा स्वतःच्या हाताने फळे खुडली, ते घर तंबोऱ्याला महाग म्हणणार नाही. तंबोऱ्याला गिऱ्हाईक राहिले, तरच शेतकरी भोपळा लावील. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळा काढून ज्या शहरात गाणे सर्वांसाठी खुले केले, त्या शहराला एवढे जड जाऊ नये.

यंदा चौथ्यांदा बी टोचणार आहे. उरलेले डब्यात आहे. ज्यांना हवे, त्यांनी पावसाआधी घेऊन जावे.