दुष्काळातला तेरावा महिना

संकटे एकटी येत नाहीत, हा शेतकऱ्याचा पिढीजात अनुभव. २०२३ च्या ऑगस्टने त्याचा पुन्हा प्रत्यय दिला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ठरलेल्या त्या महिन्यात पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी पडला. वर्सोव्यासारख्या उपनगरात अशी उघडीप म्हणजे छत्रीपासून सुटका. विदर्भ-मराठवाड्यात मात्र ऐन भरात आलेले सोयाबीन तहानले आणि पाठोपाठ शिवारेच्या शिवारे पिवळी पडली. ‘पिवळा मोझॅक’ हा तो विषाणुजन्य रोग.

या दोन आपत्ती एकामागून एक आल्या, हा निव्वळ योगायोग नव्हे. हा विषाणू पांढऱ्या माशीच्या सोंडेतून झाडात शिरतो. जोराच्या पावसाने ही माशी धुऊन जाते. कोरड्या, उष्ण हवेत ती झपाट्याने वाढते. इकडे पाण्याच्या ताणाने झाडाची अन्ननिर्मिती मंदावलेली असते. त्यातच विषाणू पानांतील हरितद्रव्य नष्ट करतो. परिणामी शेंगा कमी लागतात, दाणे बारीक राहतात.

निसर्गाचे गणित मात्र इतके सरळ नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील नोबल फाउंडेशनच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाणी तोडल्यावर विषाणूबाधित भात, बीट, तंबाखू आदी रोपे निरोगी रोपांपेक्षा उशिरा कोमेजली. ताण सोसण्यास मदत करणारी द्रव्ये बाधित रोपांत अधिक आढळली. म्हणजे शत्रूही प्रसंगी तगण्यास हातभार लावतो! परंतु तगणे वेगळे आणि पिकणे वेगळे. शेतकऱ्याचा संसार झाडाच्या जिवंतपणावर नव्हे, खळ्यावर आलेल्या दाण्यावर चालतो. प्रयोगशाळेतील कुंडीचा निष्कर्ष शिवारातील दिलासा मानणे म्हणूनच आत्मवंचना ठरेल.

विषाणू झाडात शिरल्यावर त्याला बरे करणारे औषध नाही. उपाय आधीच योजावा लागतो : पिवळे चिकट सापळे, सुरुवातीचीच रोगट झाडे उपटून नष्ट करणे आणि रोगाला दाद न देणारे वाण. झाडे पिवळी पडल्यावर केलेली फवारणी पुष्कळदा केवळ खर्च वाढवते. एकच कीटकनाशक वारंवार वापरल्यास माशीही त्याला सरावते.

तेव्हा हवामान एका खात्याचे आणि कीडरोग दुसऱ्याचा, ही वाटणी सोडली पाहिजे. पावसाच्या खंडाचा अंदाज येताच त्याच दिवशी पांढऱ्या माशीचा इशारा गावोगावी पोहोचावा. कृषी विद्यापीठांनीही नव्या वाणांची परीक्षा ताण आणि विषाणू यांच्या संयुक्त माऱ्यात घ्यावी. शेतात ही संकटे हातात हात घालून येतात. त्यांना सामोरे जाणाऱ्या यंत्रणांनी परस्परांकडे पाठ फिरवून कसे चालेल?

दुष्काळ टाळणे माणसाच्या हाती नाही. तेरावा महिना मात्र टाळता येण्यासारखा आहे.