समुद्र काय फक्त मुलग्यांचा?

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मुलींसाठी शिबिरांची काही कमी नसते. संस्कारवर्ग, मेंदी, नृत्य, व्यक्तिमत्त्व विकास. पण तीन बाजूंनी पाण्यात उभा असलेला रत्नदुर्ग उशाशी असूनही समुद्राचं शिबिर म्हटलं की आपण ते मुलग्यांचं धरून चालतो.

परदेशात वयात आलेल्या मुलामुलींना मुद्दाम शिडाच्या मोठ्या जहाजांवर नेतात. 1956 मध्ये इंग्लंडहून लिस्बनपर्यंत अशा जहाजांची शर्यत झाली, तेव्हापासून ही प्रथा वाढली. सगळ्यांनी खलाशी व्हावं असा हेतू नसतो. तिथे पाळीपाळीने पहारा करायचा, रात्री-अपरात्री उठायचं, दोर ओढायचे, डेक घासायचा, स्वयंपाकालाही हात लावायचा. घरी ‘ऊठ रे’ म्हणून आईला शंभरदा ओरडावं लागतं. तिथे आपण उठलो नाही तर दमलेला सोबती आपल्या जागी उभा राहतो, हे दिसतं ना!

आपल्या नौदलाकडेही अशी जहाजं आहेत. गोव्यात बांधलेली, तीन डोलकाठ्यांची ‘तरंगिणी’ 1997 मध्ये दाखल झाली आणि 2003-04 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. 2012 मध्ये ‘सुदर्शिनी’ आली. मात्र ती नौदलाच्या प्रशिक्षणार्थींसाठी.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती ‘तारिणी’, जेमतेम 55 फुटांची शिडाची होडी. 10 सप्टेंबर 2017 ला नौदलातल्या सहा जणी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि जगाला वळसा घालून 254 दिवसांनी, 21 मे 2018 ला परतल्या. कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. बाकीच्यांत कुणी हिमाचलच्या कुलूची, कुणी मणिपूरची, कुणी हैदराबादची. ज्यांच्या गावाला समुद्रच नाही त्या गेल्या! पुढे 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच ‘तारिणी’ घेऊन तशाच फिरून आल्या. आणि आमच्या मिऱ्या-मांडवीच्या मुली? त्या नारळी पौर्णिमेला काठावरून नारळ सोडतात.

बचत गटात हा विषय काढला तर पहिला प्रश्न आला, ‘काळी पडेल हो, मग लग्नाचं काय?’ दुसरा हळू आवाजात, ‘आणि पाळी आली तर?’ अहो, त्या सहा जणींना आठ महिन्यांत पाळी आली नसेल का? सोय करता येते, विचारायची लाज सोडली की झालं. बुडण्याची भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच आधी पोहणं, मग लाइफ जॅकेट, आणि जाणता प्रशिक्षक सोबत हवाच.

त्यासाठी फार लांब जायला नको. रत्नागिरीत एनसीसीचं नौदल युनिट आहे. त्यात मुलींनाही घेतात. तिथे वल्ही, शीड, दोरांच्या गाठी शिकवतात. 2022 पासून नौदलात खलाशी म्हणूनही मुलींची भरती सुरू झाली आहे. तेव्हा हा नुसता हौसेचा मामला राहिलेला नाही.

जूनमध्ये शाळा-कॉलेजात प्रवेश घेताना आपण गणवेशाची, फीची चौकशी करतो. त्याच खिडकीवर विचारा, ‘नेव्हल एनसीसी आहे का? मुलींना किती जागा?’ नसेल तर पालकसभेत चार जणींनी मिळून मागणी लावून धरा. आणि पोरीला पोहायला आजपासूनच घाला, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.