निवडणुकीचा कौल आणि जनमताचा कौल

पॅसिफिक महासागरातील ग्वाम हे बेट १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आले. तेथे दर दोन वर्षांनी सार्वत्रिक निवडणूक होते आणि पंधरा सदस्यांचे विधिमंडळ निवडले जाते. रहिवासी १९५० पासून अमेरिकेचे नागरिक आहेत; तथापि अध्यक्षाच्या निवडीत त्यांना मत नाही आणि प्रतिनिधिगृहातील त्यांच्या प्रतिनिधीला विधेयकांवरील अंतिम मतदानाचा अधिकार नाही. अशा प्रदेशाच्या निवडणुकीत 'कारभार कोणी करावा' या प्रश्नामागे 'आपण कोणाचे, आणि कोणत्या नात्याने' हा दुसरा प्रश्न सदैव उभा असतो. एका मतपत्रिकेतून दोन्ही प्रश्नांची उत्तरे वाचण्याचा मोह दूरच्या निरीक्षकांना आवरत नाही. हा मोह किती फसवा असतो, याचा धडा महाराष्ट्राच्या शेजारीच मिळाला आहे.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्या लढ्यात पुण्याचा वाटा मोठा होता. गोवा विमोचन सहायक समितीची स्थापना याच शहरात १९५४ मध्ये झाली होती. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची सरशी होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधी बाकांवर बसला. गोमंतकाने विलीनीकरणाचा कौल दिला, असा अर्थ महाराष्ट्रात तत्काळ लावण्यात आला.

प्रत्यक्षात मतदाराच्या मनात आणखीही बरेच काही होते. भाटकाराच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला संरक्षण हवे होते, बहुजन समाजाला गावात शाळा हवी होती आणि सत्तेत आजवर नाकारलेले स्थान हवे होते. या आकांक्षांना मगो पक्षाने वाचा फोडली. १९६४ चा कूळ कायदा त्यातूनच आला. त्या मतात विलीनीकरणाची इच्छा किती आणि न्यायाची भूक किती, हे निवडणुकीच्या आकड्यांतून कळणे शक्य नव्हते.

म्हणून प्रश्न वेगळा विचारला गेला. संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला आणि शासनयंत्रणेबद्दल संशय राहू नये यासाठी बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी १,७२,१९१ मते केंद्रशासित राहण्याच्या बाजूने व १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. खरा बोध त्यानंतरच्या घटनेत आहे. मार्च १९६७ मध्ये याच मतदारांनी मगो पक्षालाच बहुमत देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. विलीनीकरण नको, परंतु बांदोडकरांचे राज्य हवे, हे मतदारांनी दोनदा विचारल्यावर नि:संदिग्धपणे सांगितले. एकदाच विचारले असते, तर ते कधीच कळले नसते.

हा निकष महाराष्ट्राने स्वतःलाही लावला पाहिजे. बेळगावातील महाराष्ट्र एकीकरण समितीच्या विजयांकडे सीमावासीयांचा कौल म्हणून वर्षानुवर्षे बोट दाखवले गेले. २०१८ व २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकांत समितीला एकही जागा मिळाली नाही. मग सीमाभागाची इच्छा मावळली, असे मानायचे काय? विजय हा कौल असेल, तर पराभवही कौल ठरतो. दोन्ही अनुमाने सारखीच दुबळी आहेत. पाणी, रस्ते, जातीची गणिते आणि उमेदवारांतील बेदिली यांनी निवडणुका ठरतात. राज्याच्या सीमांवरील मत त्यांत विरघळून जाते.

राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे आणि त्यासाठी जनमत घेण्याचे बंधन नाही. २०१९ मध्ये लडाख विधानसभेविना केंद्रशासित झाला. २०२० मध्ये दमण-दीव व दादरा-नगरहवेली एकत्र केले गेले. दोन्ही प्रसंगी तेथील जनतेला थेट विचारले गेले नाही. कायद्याने हे शक्य आहे, यात वाद नाही. परंतु १९६७ मध्येही कायद्याची सक्ती नव्हती. तरीही विचारले गेले, आणि म्हणूनच हरलेल्या पक्षालाही तो निर्णय पत्करावा लागला. ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले, त्या राज्याचा पाया त्या कौलात आहे. लहान प्रदेशाचे भवितव्य ठरवताना त्याचे मत गृहीत धरणे सोपे असते. ते विचारण्याचे धैर्य मोठ्यांनी दाखवावे लागते.